मोटारीचा दर्शनी पत्रा

अँटवर्प,
२७ ऑगस्ट १९१४

चि. ऑक्टावी हीस थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र शनिवारीच पोचलं. उत्तराला आज गुरुवार उजाडला, म्हणून आधीच कान पकडतो. पण टावी, आमच्या कारखान्यात सध्या घाम पुसायला फुरसत नाही. बड्या लोकांच्या मोटारींना बॉडी बांधायची, रंगाचे बारा हात द्यायचे, गाद्यांना मखमल लावायची, हे आपलं काम. आता त्याच मोटारी लष्कराचा शिक्का घेऊन परत येतात आणि त्याच हातांनी आम्ही ती मखमल उसवतो. दरवाजे काढायचे, चारी बाजूंनी पोलादी पत्रे रिव्हेट मारून बसवायचे, वर झाकण नाही, मध्ये मशीनगन. आत बसायचं तर कठड्यावरून टांग टाकून चढायचं. दिसायला अगदी चाकं लावलेली धान्याची कोठी. परवा एका सरदारणीची निळी मोटार अशी भ्रष्ट केली, तेव्हा मला खरंच दोन घास कमी गेले. तुझी वहिनी मेलानी म्हणते, माणसं मरताहेत आणि तुम्हाला गाद्यांचं पडलंय.

आता मुद्द्याचं सांगतो. सोमवारी तुमच्या गावच्या बिअरवाल्या मालकांची ती लांबलचक करडी मोटार फाटकातून आत आली आणि चाकामागून खाली कोण उतरावं? तुझा लेक, आपला बासील! मोटार सरकारजमा झाली आणि तिचे गिअर दुसऱ्या कुणाला जुमानत नाहीत, म्हणून शोफरही बरोबर घेतला, असं तो मोठ्या ऐटीत सांगत होता. सही आधी केली आणि तुला मागाहून सांगितलं, हे कळल्यावर मी त्याला चांगलंच खडसावलं. मग जेवायला घरी नेलं. तीन थाळ्या ताकातली लापशी खाल्ली पठ्ठ्याने.

त्याच्या मोटारीला मी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. बाकीच्या मोटारींचा दर्शनी पत्रा म्हणजे सपाट फळी, कपाटाच्या दारासारखी. बासीलच्या समोर येणारा पत्रा मी स्वतः भट्टीत लाल केला, लाकडी साच्यावर ठोकून त्याला सुरेख गोलाई दिली, आपण उंची मोटारींच्या मडगार्डला देतो तशी. गोळी आली तरी घसरून जाईल. आणि भोकं पाडताना तर कमालच. इतरांच्या पत्र्यात गिरमिटाची पाती कटाकट मोडतात, माझ्या पत्र्यात चीज कापावं तशी गेली. पोलादाच्या कारखान्यातून एक म्हातारा फोरमन आलाय देखरेखीला. तो कापा आणि ठोका एवढंच सांगतो आणि पाइप ओढत बसतो. कलाकुसर त्याच्या गावी नाही.

इथे शत्रूच्या वायुनौकेतून बॉम्ब पडले, ते तू वाचलंच असशील. आम्ही सुखरूप आहोत. पण दुसऱ्या दिवशी लोकांनी आमच्या गल्लीतल्या जर्मन सॉसेजवाल्याचं दुकान फोडलं. वीस वर्षं त्याच्याकडून आम्ही सगळे घेत होतो. मी तीन वर्षं जर्मनीत कलोनला राहून हा धंदा शिकलो, ते तिथलं प्रमाणपत्र मेलानीने भिंतीवरून उतरवून चादरींखाली ठेवलं आहे. मला हसू आलं, तिला आलं नाही.

तब्येतीला जप. भावावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दादा,
पोलिडोर


लोकेरन,
६ सप्टेंबर १९१४

ती. दादास ऑक्टावीचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून आनंद झाला आणि रागही आला. माझा एकुलता एक मुलगा लढाईवर निघाला आणि तू मला गोलाईचं कौतुक सांगतोस! लहानपणी माझ्या बाहुलीचा पाळणा दुरुस्त करायला घेतलास आणि इतका घासलास की तो बाहुलीला पुरेना झाला, आठवतं का? तुझा हात लागला की वस्तू देखणी होते, हे मात्र खरं. त्या सगळ्या मोटारी गेल्या मंगळवारी गावात आल्या, तेव्हा चौकातल्या बायका बासीलच्याच मोटारीकडे बोट दाखवत होत्या. मी मुकाट्याने मिरवून घेतलं.

मोटारींचा मुक्काम इथेच, तागाच्या गिरणीच्या आवारात आहे. सकाळी जातात, शत्रूच्या घोडेस्वारांना गाठून गोळ्या झाडतात आणि दुपार कलता परत येतात. मी टोपीवाल्यांसाठी सशांची कातडी साफ करत खिडकीत बसते आणि इंजिनांचे आवाज मोजते. संख्या जुळली की मगच चुलीवर कॉफी ठेवते. परवा बासीलने मला मोटारीची डावी बाजू दाखवली. गोळी लागून सपाट पत्र्यावर नुसता शिशाचा डाग पडला होता, नखाने खरवडला तर निघाला. त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट झोपले.

बासीलबरोबर त्याच मोटारीत आमच्या पाववाल्या फिलोमेनचा ओमेर आहे, गोळ्यांचे पट्टे पुरवायला. तीन मुलींच्या पाठीवर झालेला हा एक मुलगा. बासीलनेच त्याला रविवारी रविवारी मालकांच्या बिअरभट्टीच्या आवारात मोटार चालवायला शिकवलं होतं, आणि त्याने बिअरच्या पिंपांची अख्खी उतरंड पाडली होती. अजून त्याचा जीव चाकातच अडकलाय. बासील उठून पाणी प्यायला गेला तरी हा त्याच्या जागेवर जाऊन बसतो. फिलोमेन मला म्हणते, तुझा पोरगा बरोबर आहे म्हणून मी निर्धास्त आहे. मी तिला काय सांगणार, की मी नाही?

शत्रूने शेजारचं डेंडरमोंड जाळलं, दादा. तिथली माणसं आमच्या चर्चमध्ये बाकांवर झोपली आहेत. दोन म्हाताऱ्या मी घरी आणल्या. एक सारखी किल्ली चाचपते, घर राहिलं नाही तरी. बासीलचे वडील गेले तेव्हा मी धीराची होते, कारण कडेवर हा होता. आता तेवढा धीर माझ्यात नाही, तुला स्पष्टच सांगते.

वहिनींना नमस्कार. पत्र धाडत जा, आणि धाकट्या बहिणीची थट्टा केली तरी चालेल पण विसर पडू देऊ नकोस.

तुझी,
ऑक्टावी


अँटवर्प,
९ सप्टेंबर १९१४

चि. ऑक्टावी हीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र एकटी असताना वाच. वाचून झालं की चुलीत टाक.

काल चांदमारीच्या मैदानावर पत्र्यांची परीक्षा झाली. उरलेले तुकडे उभे करून शंभर पावलांवरून बंदूक झाडायची होती. मी हौसेने माझ्या गोल पत्र्याचा कापून उरलेला तुकडाही नेला. सपाट तुकड्यावर डाग पडला, तू लिहिलंस तसाच. माझ्या तुकड्यातून गोळी आरपार गेली. मी करंगळी घालून पाहिली. करंगळी गेली.

फोरमन म्हाताऱ्याने तो तुकडा उचलला, कडेचा रंग पाहिला आणि विचारलं, याला आगीत कोणी घातलं? मी म्हणालो, ठाऊक नाही. टावी, चाळीस वर्षांच्या धंद्यात मी माझं काम माझं नाही म्हणालो असं कधी झालं नव्हतं. मग त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, की या पोलादाचा कडकपणा कारखान्यात आग आणि पाण्याने भरलेला असतो, पुन्हा आग दाखवली की तो निघून जातो आणि राहतो नुसता पत्रा. त्यांच्याकडे कालचं पोर हे जाणतं. आम्हाला कुणी सांगितलं नाही, कारण हे ठाऊक नसलेला लोहार असू शकतो हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. आणि आमच्या धंद्यात पत्रा तापवल्याशिवाय कोण ठोकतो? न तापवता ठोकणाऱ्याला मी हातोडी फेकून मारली असती. गिरमिट लोण्यासारखं गेलं तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी स्वतःची पाठ थोपटत बसलो.

सगळ्या मोटारींत तसा पत्रा एकाच मोटारीला आहे, आणि तो मी माझ्या भाच्यासमोर लावला.

आता नीट ऐक. बासीलला एकट्याला गाठ आणि सांग. त्याने रिव्हेट सैल झाल्याचं निमित्त करून तो पत्रा उतरवावा आणि मोटार इथे पाठवावी. एका दिवसात मी सपाट पत्रा बसवून देतो. त्यांच्या लेफ्टनंटला यातलं काही कळू देऊ नकोस. गेल्या आठवड्यात तार कचेरीतल्या एका कारकुनाला हेरगिरीच्या नुसत्या संशयावरून लोकांनी फरफटत नेलं. कलोनला शिकलेल्या माणसाने मोटारीला मऊ पत्रा लावला, एवढं बाहेर पडलं तर चूक होती असं कोण म्हणेल? मेलानी कालपासून जेवलेली नाही. पण तो पत्रा निघेपर्यंत त्या मोटारीत कुणी बसता कामा नये. कुणीच.

उत्तर लगेच पाठव. माझा राग नंतर कर, हवा तेवढा कर.

तुझा,
पोलिडोर


लोकेरन छावणी,
१४ सप्टेंबर १९१४

ती. मामांस बासीलचा शि. सा. न. वि. वि.

मामा, तुमच्या बहिणीला आवरा! तिने माझी अब्रू पार धुळीला मिळवली. शुक्रवारी आम्ही मोहिमेवर असताना ती गिरणीच्या आवारात आली, थेट लेफ्टनंटसाहेबांना भेटली आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, की माझ्या मुलाला लहानपणापासून फेफरं येतं, तो कधी कुठे कोसळेल सांगता येत नाही, लाजेखातर तो बोलत नाही. मला! साधी सर्दीसुद्धा होत नाही मला!

साहेब घाबरले. चाकामागच्या माणसाला फेफरं आलं तर चौघं खड्ड्यात, म्हणाले. मी परत आलो तो माझी रवानगी मुदपाकखान्यात झालेली. तीन दिवस बटाटे सोलतोय. दोस्त मंडळी जाता-येता माझ्यासमोर धाडकन पडतात, तोंडाला दाढीचा साबण लावून फेस काढतात आणि पाय झाडतात. एकदा मलाही हसू आलं, मग जास्तच चीड आली.

मोटार ओमेरला मिळाली. दुसरा गिअर टाकताना तो असा आवाज काढतो की इथे माझे दात शिवशिवतात. पण गडी हवेत आहे. तुमचा तो गोल पत्रा रोज रॉकेलच्या फडक्याने पुसतो. म्हणतो, सगळ्या फौजेत असं तोंड दुसऱ्या मोटारीला नाही. त्याच्यावर मी रागावू शकत नाही. मी असतो तर मीही तेच केलं असतं.

आईला जाब विचारला तर ती म्हणाली, तुझ्या मामाला विचार, आणि लगेच जीभ चावली. तुमचं तिला काही पत्र आलं होतं का? मोटारीबद्दल काही होतं का त्यात? तुम्ही दोघं मिळून मला घरी बसवायचा बेत करत असाल, तर ते बरं नाही, हे मी लहान असून सांगतो. साहेबांना एवढंच लिहा, की मुलगा धडधाकट आहे. तुमच्या शब्दाला मान आहे.

मामींना नमस्कार. भाच्यावर कृपा आहेच, ती या वेळी कागदावर उतरू द्या.

आपला,
बासील


अँटवर्प,
१६ सप्टेंबर १९१४

ऑक्टावी,

बासीलचं पत्र आत्ता आलं. तू हे काय केलंस?

मी तुला पत्रा उतरवायला सांगितला होता, मुलगा उतरवायला नाही. तो पत्रा अजून तिथेच आहे आणि त्याच्यामागे फिलोमेनचा मुलगा बसतो. तू तिच्या दुकानात रोज जातेस. तिला काय म्हणतेस?

एवढं लिहिलं आणि लेखणी खाली ठेवली. तुला शिव्या देणारा मी कोण? लेफ्टनंटला सांगू नकोस असं मीच लिहिलं होतं. मी माझी मान वाचवली, तू तुझा मुलगा वाचवलास, आणि दोघांनी मिळून त्या पोराला तिथे बसवलं. नऊ तारखेलाच लेफ्टनंटला दोन ओळींचं पत्र टाकलं असतं तर हे झालं नसतं. मी सात दिवस दारावरची प्रत्येक थाप ऐकून दचकत होतो, दुसरं काही केलं नाही.

याच टपालाने बासीलला सगळं लिहिलं आहे. पत्रा कुणी तापवला, कधी, कसा, आणि मी ठाऊक नाही म्हणालो तेही. खाली सही केली आहे. ते पत्र साहेबांच्या हातात दे, असं त्याला बजावलं आहे. मला न्यायला आले तर येऊ देत. मेलानीने माझे गरम कपडे काढून ठेवले आहेत.

हे पत्र मिळताच तूही धावत जा. टपालाचा आता भरवसा नाही, दोघांपैकी एकाचं तरी वेळेवर पोचो.

पोलिडोर


लोकेरन,
२१ सप्टेंबर १९१४

ती. दादास ऑक्टावीचा सा. न. वि. वि.

तुझी दोन्ही पत्रं शुक्रवारी पोचली. ओमेर गुरुवारी गेला.

पुलाच्या अलीकडे शत्रूची माणसं कुंपणाआड दबा धरून होती. एकच गोळी समोरून आली, डोळ्यांसाठी ठेवलेल्या फटीच्या चार बोटं खाली, गोल पत्र्यातून. आतले बाकीचे तिघं वाचले. एकाने त्याला बाजूला सरकवलं आणि मोटार उलट्या गिअरमध्ये मागे आणली. बटाट्यांच्या गाडीवरून त्याला गावात आणणाऱ्यांत बासील होता.

शनिवारी बासील घरी आला. तुझं पत्र त्याने टेबलावर ठेवलं आणि विचारलं, तुला हे माहीत होतं का? मी हो म्हणाले. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो पत्र घेऊन साहेबांकडे गेला. साहेबांनी उभ्याउभ्याच वाचलं आणि पत्रा उतरवून दुसऱ्या नादुरुस्त मोटारीचा सपाट पत्रा बसवायला लावला. तुझं नाव वहीत लिहून घेतलं, पण म्हणाले, की शत्रू अँटवर्पच्या दाराशी येतोय, मोटारी बांधणाऱ्याला पकडायला मला माणूस नाही. पुढे काय करतील ते तेच जाणोत. मुलाला फेफरं नाही हेही बासीलने सांगून टाकलं. आज सकाळी तो पुन्हा त्याच मोटारीवर गेला, सपाट पत्र्यामागे. मी अडवलं नाही. अडवायला तोंड कुठे होतं?

तू विचारलंस, मी तुझं का ऐकलं नाही. मी ऐकायलाच गेले होते. बासील मोहिमेवर होता, आवारात साहेब होते. मी रिव्हेट सैल झाल्याचं बोलले. ते म्हणाले, आठ दिवस एकही मोटार अँटवर्पला जाणार नाही, आहे तशी चालवायची. मग माझ्या डोळ्यांसमोर तू होतास, लोक तुला फरफटत नेताहेत असा, आणि दुसऱ्या बाजूला बासील. खरं सांगितलं तर तू जातोस, गप्प बसले तर तो जातो. फेफऱ्याचं कसं सुचलं मला ठाऊक नाही. बोलून गेले.

काल प्रार्थनेनंतर फिलोमेन आली. हातात फडक्यात गुंडाळलेला मनुकांचा पाव, अजून गरम. ती माझे आभार मानायला आली होती, दादा. ओमेर मंगळवारी धुतलेला शर्ट न्यायला घरी आला होता, तेव्हा त्याने तिला सांगितलं होतं, की बासीलच्या आईने आपल्या मुलाची जागा मला दिली. तो इतका खूश तिने कधी पाहिला नव्हता. म्हणाली, गेला तो गेला, पण त्याचे ते सहा दिवस तुझ्यामुळे सोन्याचे झाले. आणि माझा हात हातात घेतला.

मी गप्प राहिले असते तर तिला आयुष्यभर कळलं नसतं. बासीलने सांगितलं नसतं, मला माहीत आहे. पण तिचा हात माझ्या हातात होता. मी सगळं सांगितलं. तुझा पत्रा, तुझं पत्र, माझं साहेबांकडे जाणं, खोटं फेफरं. शेवटी तिने एवढंच विचारलं, की मोटार ओमेरला मिळणार हे तुला त्या वेळी माहीत होतं का?

नाही म्हणता आलं असतं. हे मी तुलाही लिहिलं नव्हतं, बासीललाही ठाऊक नाही. साहेबांनी मला विचारलं होतं, ही मोटार दुसरं कोणी चालवू शकेल का. मी म्हणाले होते, ओमेरला येते. मीच म्हणाले होते, दादा. तेच मी तिला सांगितलं.

तिने पाव पुन्हा फडक्यात गुंडाळला आणि उठली. दार तिने हळूच ओढून घेतलं.

आमच्या भागात दुसरं पावाचं दुकान नाही, आणि घरात डेंडरमोंडच्या दोन म्हाताऱ्या आहेत. आज सकाळी मी रांगेत उभी राहिले. बायका तिचं सांत्वन करत होत्या, माझ्याशीही बोलत होत्या, म्हणजे तिने कुणाला काही सांगितलेलं नाही. माझी पाळी आली तेव्हा तिने रोजच्यासारखा पाव काढला. तो माझ्या हातात दिला नाही, फळीवर ठेवला, आणि माझ्या मागच्या बाईला विचारलं, तुला काय हवं. उद्या मला पुन्हा जायचं आहे.

लोभ असू दे, असं लिहायला आज हात धजत नाही. तूही लिहू नकोस. नुसतं कसा आहेस ते कळव.

तुझी,
ऑक्टावी